शुगर, ऊन आणि स्थलांतर: दोष कातडीचा नाही

नगर जिल्ह्यातून पोट भरायला पुण्या-मुंबईला गेलेल्या माणसाला शुगर निघाली, की वर्षा-दोन वर्षांत त्याच्या फाइलमध्ये आणखी एक कागद येतो. व्हिटॅमिन डी कमी. मग आठवड्याला एक याप्रमाणे साठ हजार युनिटची पाकिटे, आणि त्याबरोबर एक फुकटचा सल्ला: जरा उन्हात बसत जा.

आमचा वाद या सल्ल्याशी आहे. सल्ला चुकीचा आहे असे नाही. पण तो ज्याला दिला जातो तो माणूस बारा तासांची नाइट करून सकाळी आठला पत्र्याच्या खोलीत येऊन झोपतो. ती खोली दोन भिंतींच्या बोळात असते. त्याने कुठे बसायचे, कधी बसायचे आणि तेवढ्या वेळेचा पगार कोण देणार, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. चिठ्ठीवर फक्त त्याच्या शरीरातली उणीव लिहिलेली असते. आपल्या माणसांच्या बाबतीत हे नेहमीच होत आले आहे. वंचना व्यवस्थेने करायची आणि उणीव आपल्या अंगात शोधायची.

आधी एक गैरसमज बाजूला सारू. शुगर हा खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांचा आजार आहे असे आपल्या वस्त्यांत अजून म्हटले जाते. आयसीएमआरच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचा पंधरा राज्यांचा अहवाल २०१७ साली आला. त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसली. महाराष्ट्र, तामिळनाडू आणि चंदीगड या पुढारलेल्या भागांच्या शहरांत मधुमेह श्रीमंतांपेक्षा गरिबांत जास्त आहे. याच पाहणीच्या २०२३ च्या आकड्यांनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. म्हणजे शहराच्या कडेला जाऊन राहिलेला आपला माणूस या आजाराच्या मध्यभागी उभा आहे.

तो तिथे का उभा आहे, याचे एक उत्तर पुण्यातूनच आले. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या हडकुळ्या बाळांच्या अंगात चरबी जवळजवळ तेवढीच होती, कमी होते ते स्नायू. आईच्या पोटात असताना उपासमार सोसलेले हे शरीर पुढे शहरात गेले, बसून काम करू लागले, वडापाव आणि गोड चहावर दिवस काढू लागले, की शुगर लवकर गाठते. मग ही चूक त्या माणसाच्या जिभेची म्हणायची की त्याच्या आजीच्या ताटातल्या रिकाम्या जागेची?

आता जिल्ह्याकडे या. नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण पाथर्डी, जामखेड, कर्जतची पाण्याची ओरड तीच आहे. १९७२ च्या दुष्काळात या पट्ट्यातून माणसे निघाली ती पुण्याच्या टेकड्यांवर आणि नाल्यांच्या कडेला जाऊन बसली, आणि मागाहून नातलगही गेले. आजही इथून बाहेर पडण्याच्या दोन मोठ्या वाटा आहेत. एक कोयत्याची, दुसरी कंपनीची. एकाच घरातला थोरला दसरा-दिवाळीनंतर बायकोला घेऊन मुकादमाच्या ट्रॅक्टरवर बसतो आणि धाकटा सुपा, रांजणगाव, चाकणच्या एमआयडीसीत नाहीतर पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागतो.

दोघांना शुगर आहे असे धरा. धाकट्याला ऊन मिळत नाही आणि थोरल्याला उन्हाशिवाय काही मिळत नाही. तरी व्हिटॅमिन डी दोघांचेही घसरू शकते. ते कसे, हे समजून घेतले की 'उन्हात बसा' हा सल्ला किती अपुरा आहे ते कळते.

धाकट्याचे सोपे आहे. कातडीवर उन्हातले अतिनील किरण, त्यातही 'बी' प्रकारचे, पडले की शरीर व्हिटॅमिन डी तयार करते. हे किरण कोवळ्या उन्हात फार थोडे असतात. आपल्याकडे घराघरात सांगतात की सकाळचे कोवळे ऊन चांगले. उबेसाठी ते चांगलेच, पण व्हिटॅमिन डीसाठी फारसे कामाचे नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते त्या वेळचे ऊन लागते, म्हणजे साधारण दहा-अकरा ते तीन. काचेतून हे किरण आत येत नाहीत, त्यामुळे गेटवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या वॉचमनला उजेड मिळतो, पण व्हिटॅमिन डी मिळत नाही. शॉपफ्लोअरवरच्या पोराचे तर त्या वेळेत बाहेर पडणेच होत नाही. काळ्या-सावळ्या कातडीला तेवढेच व्हिटॅमिन डी करायला जास्त वेळ लागतो, हेही खरे. पण नगर साधारण १९ अक्षांशावर आहे. इथे बारा महिने पुरेसे ऊन आहे. आपली कातडी याच उन्हासाठी घडलेली आहे. कमी आहे ती दुपारी अर्धा तास मोकळे राहण्याची मुभा.

शिवाय रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण जास्त आढळते, हे जगभरच्या पाहण्यांत दिसले आहे. म्हणजे जी ड्यूटी त्याचे ऊन काढून घेते, तीच त्याच्या शुगरलाही हातभार लावते.

थोरल्याची गोष्ट आमच्या मते जास्त गंभीर आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. उसाच्या फडात पहाटेपासून राबणाऱ्याला ऊन भरपूर. पण कातडीत तयार झालेले व्हिटॅमिन डी तसेच कामाला येत नाही. ते आधी यकृतात आणि मग किडनीत बदलावे लागते. शेवटचा, कामाचा बदल होतो तो किडनीत. आणि वर्षानुवर्षे बेताबाहेर राहिलेली शुगर सगळ्यात आधी ज्या अवयवांना खाते त्यांत किडनी आहे. त्यात भर म्हणजे उन्हात तासन्तास घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचे आणि अंग दुखले की मेडिकलमधून गोळी आणून ढकलायची. त्या वेदनाशामक गोळ्याही किडनीवरच उठतात. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वात, तरुण ऊसतोड मजुरांच्या किडन्या शुगर नसतानाही निकामी होत असल्याचे गेल्या वीसेक वर्षांत तिथल्या डॉक्टरांनी मांडले आहे. उन्हातल्या अतिश्रमाकडे त्याचे एक मोठे कारण म्हणून पाहिले जाते. आपल्या मजुराला तर वर शुगरही आहे.

आणि ती शुगर बेताबाहेर का राहते? कारण उपचार गावाला बांधलेला आहे आणि माणूस सहा महिने गावाबाहेर असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मेटफॉर्मिन फुकट मिळते, पण मिळते महिन्याभराचे. मजूर निघतो कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात. तिथल्या दवाखान्यात जायचे तर दिवस मोडतो, आणि दिवस मोडला की खाडा. खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता असतो, त्यामुळे एक दवाखान्यात गेला की दुसऱ्याचेही काम थांबते. बाईने तर दुखणे सांगायचेच नाही असा अलिखित कायदा आहे. ज्या जिल्ह्यात १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि साखरेवर राजकारणाच्या पिढ्या पोसल्या गेल्या, त्या जिल्ह्यातला साखर तयार करणारा मजूर स्वतःची शुगर तपासून घेऊ शकत नाही.

'दोष तुमच्या शरीरात आहे' हे सांगण्याची रीत फक्त इथली नाही. ब्रिटनचा इतिहास आपण वाचायला हवा. १९६० च्या दशकात ग्लासगोत भारत-पाकिस्तानातून आलेल्या कामगारांच्या मुलांत मुडदूस आणि बायांत हाडे मऊ पडण्याचा आजार डॉक्टरांना दिसू लागला. कारण उघड होते. तिथे हिवाळ्यातले महिनोन्महिने उन्हात ते किरणच नसतात. गोऱ्या मुलांसाठी हाच प्रश्न त्या सरकारने आधीच सोडवला होता. १९४० पासून मार्जरीनमध्ये व्हिटॅमिन डी घालणे तिथे सक्तीचे होते. त्या वेळी कोणी गोऱ्या आईला म्हटले नाही की तुझ्या कातडीत किंवा तुझ्या संस्कृतीत दोष आहे. आशियाई लोक मार्जरीन फारसे खात नव्हते, चपाती खात होते. मग चपातीच्या पिठात व्हिटॅमिन डी घाला, अशी मागणी झाली. १९८० साली सरकारच्या तज्ज्ञ समितीने ती नाकारली. १९८१ साली 'स्टॉप रिकेट्स' नावाची मोहीम निघाली आणि तिचा बराच भर होता तो तुमचे खाणे बदला, कपडे बदला, सवयी बदला यावर. ग्लासगो शहराने मात्र १९७९ पासून आशियाई मुलांना व्हिटॅमिन डी फुकट वाटले आणि तिथे मुडदूस झपाट्याने कमी झाला. म्हणजे उपाय ठाऊक होता. प्रश्न होता तो कोणाच्या ताटापर्यंत पोचायचे याचा. याच स्थलांतरितांत मधुमेहही गोऱ्यांच्या जवळजवळ चौपट असल्याचे लंडनच्या साउथॉल भागातल्या १९८५ च्या अभ्यासाने दाखवले.

राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीवर आपली मुले आता त्याच देशात शिकायला जातात. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की तिथल्या आरोग्य खात्याचाच सल्ला आहे, सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर रोज ४०० युनिट घ्यावे. स्वस्त गोळी आहे, घेत जा. लाज वाटून घेण्यासारखे त्यात काही नाही.

पण मग गोळी घेतली की सुटला का प्रश्न? इथे आपल्यातल्या सुशिक्षितांचीही फसगत होते. व्हिटॅमिन डी घेतले की शुगर उतरते, इन्सुलिन सुटते, असे सांगणारे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर रोज फिरतात. अमेरिकेत शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ लोकांवर एक मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०१९ साली आला. रोज ४००० युनिट घेणाऱ्यांत मधुमेह थोडा कमी झालेला दिसला, पण फरक ठामपणे सांगता येईल एवढा नव्हता. नंतर अशा चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर उंबरठ्यावरच्या लोकांना थोडा फायदा असावा असे दिसते. पण ज्याला शुगर झालेलीच आहे, त्याच्या औषधाची जागा हे पाकीट घेऊ शकत नाही. व्हिटॅमिन डी कमी आणि मधुमेह जास्त हे बऱ्याचदा बरोबर दिसते, कारण दोन्हीच्या मुळाशी एकच जगणे असते: कोंदट घर, लांबलेली ड्यूटी, निकृष्ट खाणे.

टीबीचे उदाहरण घ्या, कारण शुगर असलेल्याला टीबीचा धोका दोन-तीन पट असतो आणि आपल्या वस्त्यांना तो नवा नाही. मंगोलियात आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांना तीन वर्षे व्हिटॅमिन डी देऊन पाहिले. टीबीचा संसर्ग थांबला नाही, असा निकाल २०२० साली आला. त्याउलट झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना महिन्याचे रेशन दिले, तर त्या घरांत नव्याने होणारा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. हा निकाल २०२३ चा. गोळीने जे झाले नाही ते तांदूळ आणि डाळीने केले. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींची पाहणी झाली, तेव्हा ज्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही तिथे टीबी जास्त सापडला. इमारतींमधले अंतर किती ठेवायचे हे नियमाने ठरते, आणि पुनर्वसनाच्या नावाखाली तो नियम गरिबांसाठीच सैल केला जातो. दोन इमारतींच्या मधले ऊन असे कागदावरच कापले जाते.

ताटाचेही तेच. व्हिटॅमिन डी अन्नातून फार थोडे मिळते: मासे, कलेजी, अंड्याचा पिवळा बलक. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. हवे तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. पाकीटबंद तेल आणि दुधात ए आणि डी घालण्याचे मानक २०१८ पासून आहे, पण ते सक्तीचे नाही, आणि आपल्या बाया तेल आणतात ते रोजच्या रोज सुटे, दहा-वीस रुपयांचे. गोमांसात व्हिटॅमिन डी फारसे नसते, ते आम्ही उगाच चिकटवणार नाही. पण त्यात बी-१२ असते, लोह असते आणि स्वस्तातले प्रथिन असते. याज्ञिकांच्या अभ्यासातल्या दोन तृतीयांशांच्या आसपास मातांत बी-१२ कमी होते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यावर बी-१२ आणखी घसरते, पायाला मुंग्या येतात आणि त्या शुगरच्याच समजल्या जातात. २०१५ च्या कायद्याने बैलाचे मांस बंद करताना हा हिशेब कोणी मांडला होता?

बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने त्यांना उभे राहणे कठीण झाले होते, आणि त्याही अवस्थेत ते लिहीत होते. हे सांगून डोळ्यांत पाणी आणणारे पुष्कळ आहेत. आम्हाला त्यांचे दुसरे काम आठवते. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री असताना त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीमुळे १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम त्यांच्याच काळात प्रा. अडारकरांकडे दिले गेले आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे ईएसआय, आला. कामाचे तास मोजून देणे म्हणजे माणसाला त्याच्या दिवसातले ऊन परत देणे होते. आज वॉचमनचे बारा तास सगळ्यांनी गृहीत धरलेत, त्यात आपल्यातले सोसायटीत फ्लॅट घेतलेलेही आले. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्याला ईएसआय लागू आहे. ठेकेदार पाऊण टक्का पगारातून कापतो, पण कार्ड हातात देतोच असे नाही. आणि ऊसतोड मजूर या छत्राखाली आलेलाच नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला वस्तीत आरोग्य शिबिर घ्याल तेव्हा त्याचा खर्च कोण करतो ते आधी पाहा. प्रायोजक लॅब असेल तर हजार-दीड हजारांची व्हिटॅमिन डीची तपासणी अर्ध्या किमतीत म्हणून गळ्यात मारली जाते आणि ज्याची तीन महिन्यांची शुगर कधीच तपासलेली नाही तो माणूस तसाच घरी जातो. शुगर, बीपी, पायांची तपासणी आणि लघवीतली प्रथिने, एवढे आधी. हाडे खोलवर दुखतात, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही, खाली बसलेल्याला उठता येत नाही, अशी तक्रार असेल तर मात्र 'शुगरमुळे असेल' किंवा 'वय झाले' म्हणून सोडू नका. तिथे व्हिटॅमिन डी तपासायलाच हवे, विशेषतः बायांचे. आणि साठ हजारांचे पाकीट आठवड्याचे असते, रोजचे नाही, हे दहा वेळा सांगा. अक्षर न कळणाऱ्या माणसाने ते रोज घेतले तर रक्तातले कॅल्शियम वाढून किडनीलाच इजा होते. किडनीचा त्रास असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊच नये.

जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी निरक्षर, त्यातही दलित बायांना गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभे केले. आपल्या जिल्ह्यात हे होऊन गेलेले आहे, बाहेरून काही शिकून यावे लागणार नाही. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. त्याआधी पाथर्डी, जामखेड, शेवगावच्या प्रत्येक वस्तीत शुगर असलेल्यांची यादी करता येते. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे लेखी अर्ज द्यायचा की या माणसांना हंगामभराच्या गोळ्या एकदम द्या. इन्सुलिन घेणाऱ्याला ओल्या मडक्यात बाटली कशी ठेवायची ते दाखवायचे, कोपीवर फ्रिज नसतो. अर्जाची पोच घ्यायची. ज्या कारखान्याला टोळी जाणार त्याच्या शेतकी अधिकाऱ्यालाही एक प्रत द्यायची आणि त्यात मागायचे: महिन्यातून एक दिवस दवाखान्याचा, बिनखाड्याचा. चाकण-रांजणगावला असलेल्या पोरांनी आपापल्या ठेकेदाराकडे ईएसआयचा नंबर मागायचा, एकट्याने नाही, दहा-दहाच्या गटाने.